कोणी कोणाचे पाय धुवायचे

आई, परवाच्या गुरुवारी वहिनीनं माझे पाय धुतले. जुन्नरच्या आपल्या देवळात, भर उपासनेत, सगळ्या मंडळीच्या देखत. खरं तर मी तिचे धुणार होते. तशी तयारी करून गेले होते, टॉवेलसुद्धा नवा घेतला होता. पण झालं उलटंच, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला काही चैन पडायचं नाही. म्हणून आज शनिवारी सकाळी भांडीकुंडी आवरून, खिडकी लावून घेऊन लिहायला बसलेय. खिडकी उघडी ठेवली तर मंचरच्या रस्त्यावरचे कांद्याचे ट्रक माणसाला धड विचार करू देत नाहीत. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझेच केस आता तुझ्यासारखे झालेत, पण तुझ्याशी भांडायचं म्हटलं की अजून मला शाळकरी पोरीसारखी धाप लागते. आणि हे भांडणच आहे हं, आधीच सांगून ठेवते.

ही पद्धत तूच घालून दिलीस, त्यामुळे सुरुवात तुझ्यापासूनच करते. प्रभूनं शेवटच्या जेवणाच्या वेळी कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, म्हणून ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आपल्याकडे पाय धुवायचे. पूर्वी पाळकसाहेब पुढच्या बाकावरच्या ठरलेल्या पुरुषांचे पाय धुवायचे. बायकांना मागाहून परवानगी मिळाली. आणि आपली मंडळी काय करायची? घरूनच पाय घासून यायची! वजरीनं टाचा खरडलेल्या, बोटांना खोबरेल लावलेलं, कोणाची नखं रंगवलेली. पाळकसाहेब वाकून चार थेंब पाणी सोडायचे आणि टिपून घ्यायचे. तू एका वर्षी बायकांच्या सभेत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "धुतलेले पाय धुवायला अक्कल लागत नाही. ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे, त्याचे धुवा. बघू कोण वाकतंय ते." सभेत अशी शांतता झाली की बाहेर कोणाची तरी म्हैस रवंथ करत होती तेवढाच आवाज. म्हातारे पाळकसाहेब गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, बाईंचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. झालं, तेव्हापासून तीच पद्धत.

तुझ्या त्या पद्धतीनं काय काय गमती केल्या! मूठभर घरांची आपली मंडळी, सगळे एकमेकांचे सोयरे, कोणाचं कोणाशी फाटलंय ते देवळाच्या पायरीलासुद्धा माहीत. गुरुवारी कोण टॉवेल घेऊन कोणाकडे जातो याकडे सगळ्यांचे डोळे. म्हणून लोक उपवासकाळ संपत आला की घाईघाईनं गोड व्हायचे. ते दोघे साडू आठवतात ना? बुधवारी एसटी स्टँडवर एका बशीतली भजी खाऊन समेट करायचे, म्हणजे गुरुवारी कोणाला वाकायला नको, आणि ईस्टरच्या जेवणात रश्श्यावरून पुन्हा जुंपायची. तू हसायचीस. "असू दे, चार दिवस तरी बोलले," म्हणायचीस. तुझं स्वतःचं मात्र कोणाशी कधी बोलणं बंद नसायचं. तू सरळ तोंडावर बोलून मोकळी व्हायचीस. त्यामुळे झालं काय, की तुझ्यासमोर टॉवेल घेऊन कधी कोणी आलंच नाही. तू आपली दरवर्षी कोणा म्हातारीसमोर उकिडवी बसायचीस. तुला बाकावर बसलेली आणि कोणी तुझे पाय धुतंय अशी मी एकदाही पाहिली नाही.

मिशनच्या दवाखान्यातही तेच. मला सुट्टी असली की मी तिथल्या ओट्यावर अभ्यास करत बसायची. येडगावची ती बाई बैलगाडीतून आली तो दिवस मला आजही दिसतो. पाय घोट्यापासून फुगलेला, जखमेत किडे पडलेले, वासानं बाकीचे पेशंट उठून बाहेर गेलेले. तू खाली फरशीवर बसतेस, तिचा पाय मांडीवर घेतेस आणि टर्पेंटाइन सोडून चिमट्यानं एकेक किडा काढायला लागतेस. तिची सासू पदर नाकाला लावून लांब उभी. तिचं लक्ष पायाकडे नाही, तुझ्याकडे. शेवटी न राहवून विचारतेच, "नर्सबाई, तुमी कोणाच्यातल्या म्हनायच्या?" तू मान वरसुद्धा करत नाहीस. "पाय धुणाऱ्यांच्यातल्या. ती किटली घ्या आणि पाणी ओता." आणि म्हातारीनं मुकाट्यानं पाणी ओतलं! त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला की काय सांगू. पाऊस असो, ऊन असो, तिला येणं जमलं नाही की तू एसटीनं येडगावला जाऊन पट्टी बदलून यायचीस, आणि त्यांच्याकडचा घोटभर चहासुद्धा घ्यायची नाहीस.

पुढे ती बाई बरी झाली. स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात आली. हातात कागदात गुंडाळलेलं लुगडं, हिरवंगार, जुन्नरच्या बाजारातून तुझ्यासाठी घेतलेलं. "बहीण म्हनून घ्या, बाई," म्हणाली. तू म्हणालीस, "बहीण म्हणून सांगते, पाय कोरडा ठेव. हे घेऊन जा." ती पुन्हा पुढे करतेय, तू पुन्हा मागे सारतेयस. शेवटी तिचा चेहरा एवढासा झाला आणि ती निघून गेली. मी साखर आणायला गेले तेव्हा ती मला एसटी स्टँडच्या बाकावर दिसली, मांडीवर ते लुगडं. रडत नव्हती, नुसती बसली होती. घरी येऊन मी तुला सांगितलं तर भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "आज घेतलं तर उद्या ज्याच्याकडे काही नाही तो दवाखान्यात यायला लाजेल. आपण देणारे, घेणारे नाही." यात चूक काढायला जागा नाही, हे मला तेव्हाही कळलं आणि आजही कळतं. पण ती बाई पुन्हा कधी दवाखान्यात आली नाही. येडगावचं दुसरं कोणी आलं की मी तिची चौकशी करायची, तू कधी केली नाहीस.

आता वहिनीचं. तू आजारी पडलीस तेव्हा मी मंचरला, शाळेतली नोकरी चालू, आणि तू जुन्नरला दादाकडे. मी दर रविवारी यायची. कधी चुकले असेन तर सांग. यायची तेव्हा तू खुर्चीत बसलेली. केस विंचरलेले, इस्त्रीचं पातळ, तोंडाला पावडर. मी म्हणायची, "आई, पाय चेपून देऊ?" तू म्हणायचीस, "माझ्या पायांना काय झालंय? तू जेवून घे, बारीक झालीस." मी म्हणायची, अंघोळ घालते. "सकाळीच झाली." औषध देते. "घेतलं." जेवायचं, तुझी बोलणी खायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत, असा माझा रविवार. मला वाटायचं आई तशी ठीक आहे, खमकी आहे. मग एका मंगळवारी दादाचा फोन आला की तू गेलीस. मी दोन रात्री नुसती बसून होते. ठीक असलेलं माणूस असं कसं जातं?

आणि स्मरणाच्या उपासनेत त्या वेळचे पाळक काय बोलले? "या माउलीची जी सेवा सुनेनं केली, ती पोटच्या लेकीलाही जमली नसती." भरल्या देवळात! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी वहिनीकडे पाहिलं. म्हटलं, आता ही म्हणेल, असं नाही हो, त्याही यायच्या. ती आपली मान खाली घालून बसलेली. त्या दिवशी मी तुझ्या नावाचं जेवणही जेवले नाही, तडक स्टँड गाठला. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे "बरं?" आणि "बरं." दादा दोघींच्या मध्ये. त्याला विचारलं तर म्हणायचा, "मला यात घेऊ नका राव." आणि गुरुवार आला की दरवर्षी मला काहीतरी व्हायचं. कधी ताप, कधी पाहुणे, कधी पोरांच्या परीक्षा. रिटायर झाल्यावर परीक्षाही संपल्या, तेव्हा मग पाठ धरायला लागली.

यंदा मी ठरवलं, जायचं. का, ते तुझ्यापासून काय लपवायचं? मन विरघळलं होतं असं काही नाही. मला तिच्यापुढे वाकायचं होतं, आणि ते सगळ्या मंडळीनं बघायला हवं होतं. म्हणजे मग ठरलं असतं ना, मोठ्या मनाची कोण ते. लेकीनं गेल्या दिवाळीनंतर पुण्याला नेऊन माझे दोन्ही गुडघे बदलून आणलेत. डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून बजावलंय. तरी मी मोरीत उशी टाकून, नळाला धरून गुडघ्यावर टेकायचा सराव केला. तीनदा जमलं, एकदा अडकले. नम्र व्हायची रंगीत तालीम करणारी बाई तू पाहिली नसशील.

उपासना पाचलाच ठेवतात हल्ली, लांबच्या लोकांना उसाच्या कडेनं अंधारात जायला नको म्हणून. बिबट्या आता कोणाच्याही पडवीत येऊन बसतो. नवे पाळक तरुण आहेत, छान बोलले. मग समोर निळा प्लॅस्टिकचा टब आणि पाण्याची बादली ठेवली आणि म्हणाले, ज्यांना यायचंय त्यांनी यावं. मी पहिली उठले. बाकांच्या कडा धरत मधल्या वाटेवर आले, आणि बघते तर पलीकडच्या बाकावरून वहिनी उठलेली. खांद्यावर टॉवेल!

"बसा, वन्सं," ती म्हणाली.

"तुम्ही बसा, वहिनी."

"न्हाई न्हाई, तुमी बसा. तुमचं गुडघं आत्ता झाल्यात."

"माझ्या गुडघ्यांचं माझं मी बघते. तुम्ही बसा म्हणजे झालं."

"असं कसं? तुमी लेक हाय या घरची."

"आणि तुम्ही मोठ्या आहात."

दोघी उभ्या, दोघींच्या हातात टॉवेल, आणि बसायला कोणीच तयार नाही. भांडण मिटवायला आलो होतो, आता त्यावरूनच नवं भांडण. पाळक बिचारे नुसते बादलीजवळ उभे. शेवटी मागच्या बाकावरून एक म्हातारे ओरडले, "आवो, कुनीतरी बसा की! आमाला शिनोलीला जायचंय!" सगळं देऊळ हसलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, आता बोलत बसायचं नाही, आणि तिथेच टेकायला गेले. उजवा गुडघा वाकला, डावा अडला. ना वर, ना खाली. पडलेच असते. तेवढ्यात वहिनीनं काखेखालून हात घातला, दुसरा पाठीमागे, आणि एका दमात मला उचलून बाकावर ठेवलं. कुठे दुखलं नाही, पदरसुद्धा हलला नाही. आई, माणूस असं उचलायला एका दिवसात येत नाही. तो हात पाठीला लागला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही बाई तुला किती वेळा उचलत असेल.

मग तिनं पाय धुतले. चार थेंब सोडून टिपले नाहीत, रोज घरात धुवावेत तसे धुतले. टाच तळहातावर घेऊन, बोटांच्या बेचक्यांत बोटं घालून. आजवर कोणी माझे पाय असे हातात घेतले नव्हते, अगदी ह्यांनीसुद्धा. मी मान वळवून खिडकीकडे बघत होते. ती हळूच, खाली बघूनच म्हणाली, "अंगठ्याशेजारचं बोट आत्याबाईंचं असंच लांब व्हतं." तुझ्याबद्दल बोलत होती. "पयला महिनाभर टब लाथाडायच्या. म्हनायच्या, मेले तरी चालंल पन कुनाकडून पाय धुवून घ्यायची न्हाई. मी बी रडायचे. मग एक दिवस आपसूक पाय फुडं केला. नंतर तर काय, टब आनायला उशीर झाला की हाका मारायच्या. पानी जरा ऊन कर गं, म्हनायच्या."

"मला तर कधी म्हणाली नाही," मी म्हणाले. मघाचं ते 'बसा-बसा' सोडलं तर एवढ्या वर्षांत तिच्याशी बोललेलं माझं ते पहिलं धड वाक्य.

"तुमी यायच्या त्या दिशी लई धांदल असायची, वन्सं. पहाटंपासून उठून सगळं उरकायचं. दोन मानसं लागायची खुर्चीत बसवायला, उशा लावून. पावडर त्यांनीच मागायची. तुमी एसटीत बसल्या की आडव्या व्हायच्या, त्या दुसऱ्या दिशी दुपारपतोर डोळा उघडायच्या न्हाईत." तिनं टॉवेलनं एकेक बोट पुसलं. "मला म्हनायच्या, तिला काय कळू दिऊ नको. तवा देवळात मी काय बोलनार? आत्याबाईंना शब्द दिला व्हता."

मागे बाकीच्यांचे पाय धुणं सुरू झालं होतं, गीत चाललं होतं. नंतर वहिनी शेजारी बाकावर बसली आणि तिचा पाय मी माझ्या मांडीवर ओढून घेतला, कारण मला वाकता येत नव्हतं. ओला टॉवेल करून पुसला. टाचांना भेगा, भेगांत माती. दुपारपर्यंत कांदे काढत होती म्हणे आणि तशीच आली होती. ती आधी "अगं बाई, काय हे," करत होती, मग बाकाची कड धरून बसली. तिला ते अवघड जात होतं हे दिसत होतं, पण तिनं पाय मागे घेतला नाही.

म्हणजे तिचा प्रश्न मिटला. राहिलीस तू. मी म्हटलं ना, हे भांडण आहे. आई, तू मला का नाही सांगितलंस? अख्ख्या तालुक्याचे पाय मांडीवर घेतलेस आणि तुझा एक पाय माझ्या हातात द्यायला तुला इतकं जड गेलं? त्या परक्या घरातून आलेल्या पोरीला लाथाडलंस, हाका मारल्यास, पाणी ऊन कर म्हणालीस, आणि मला पावडर लावून दाखवलीस. लोक अजून सांगतात, नर्सबाईंसारखं नम्र माणूस होणे नाही. मी मान डोलावते. पण प्रभूला नको म्हणणारा एक शिष्य होता ना, माझे पाय मुळीच धुवायचे नाहीत म्हणून अडून बसलेला? संडे स्कूलमध्ये ती गोष्ट सांगताना तू त्याच्यापाशी आलीस की पटकन पुढे जायचीस. आम्हाला वाटायचं घंटा होत आली असेल. देणाऱ्याला वर राहता येतं, आई. खाली बसून हात पसरणं, पाय पुढे करणं, ते खरं अवघड. तुलाही ते शेवटी जमलं, वहिनीसमोर. ते जमलं याचा मला आनंद आहे. ते माझ्यासमोर जमलं नाही याचा राग आहे. दोन्ही खरं आहे आणि मी त्यातलं काहीच सोडणार नाहीये. इतकी वर्षं मी जो राग तिच्यावर काढला, तो तुझा होता. तू हाताला लागत नव्हतीस, ती समोर होती.

उद्या ईस्टर. पहाटे सगळे कबरस्तानात जमतील, मेणबत्त्या लावतील. हे पत्र तुझ्या दगडाखाली सारून यावं असं मनात आलं होतं. पण फुलं बदलायला वहिनीच जाते, ती काढून वाचेल, आणि मग मला वर्षभर वाढून वाढून जेवायला घालेल. नकोच ते. इथेच राहू दे पेटीत, उन्हाळ्याच्या साड्यांखाली.

लेक पहाटेच पुण्याहून गाडी घेऊन येतेय, मला जुन्नरला न्यायला. काल रात्री फोनवर विचारत होती, "आई, चालायला त्रास होतोय का? खरं सांग." मी म्हटलं, कसला त्रास, काठी तर कधीच सुटली. आणि आज हे लिहायला बसायच्या आधी, तुझ्यावर एवढं चिडायच्या आधी, मी ती काठी कपाटाच्या मागे सरकवून ठेवली आहे. आता खुर्चीतून उठायचं तर तीच लागणार, आणि ती इथून लांब आहे.